फोनमधली बाई आणि माझ्या सासूबाई

टोमॅटो तपकिरी दिसायला लागले तेव्हा मी वैशालीला म्हणालो, "हे काय उचलून आणलंस? सगळे नासके." वैशाली म्हणजे माझी बायको. तिने टोपलीतला एक टोमॅटो उचलला, दाबून पाहिला, वास घेतला आणि म्हणाली, "अरे, लालबुंद आहेत. तुला काय झालंय?"

टीबीची औषधं सुरू होऊन तेव्हा काही महिने झाले होते. मानेतली गाठ बसत आली होती, संध्याकाळी चढणारा ताप गेला होता, जेवणाला चव आली होती. वाईट दिवस संपले असं आम्ही दोघंही धरून चाललो होतो.

मी डॉक्टर नाही. घाटकोपरला रंगाच्या दुकानात काम करतो. गिऱ्हाईक भिंतीचा उडालेला पोपडा कागदात बांधून आणतं आणि म्हणतं, "असाच पाहिजे." मशीन असते, पण ती जवळपास नेऊन सोडते. तिथून पुढे थेंबभर काळा, थेंबभर पिवळा घालत त्या पोपड्याशी रंग जुळवायचा, हे माझं काम. लग्नाच्या आधीपासून तेच करतोय. तेव्हा लाल रंग तपकिरी दिसण्याचा अर्थ मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. तरी मी मनाला सांगितलं, अशक्तपणा असेल.

मग अक्षरं पुसट व्हायला लागली. बसची पाटी, दुधाच्या पिशवीवरची तारीख, फोनवरचे मेसेज. चष्म्याच्या दुकानात गेलो. तिथल्या माणसाने काचा बदलून बदलून पाहिल्या, पण खालच्या ओळी काही लागेनात. शेवटी त्याने ती जड फ्रेम माझ्या नाकावरून काढली. "नंबरचा प्रॉब्लेम नाहीये, साहेब. डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवा. लवकर दाखवा."

त्या "लवकर"मुळे आम्ही दुसऱ्याच दिवशी गेलो.

लाल झाकण

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बऱ्याच तपासण्या केल्या, पण लक्षात राहिली ती एकच. त्यांनी औषधाच्या बाटलीचं झाकण माझ्यासमोर धरलं.

"हा रंग कोणता?"

"विटकरी."

"आता फक्त डाव्या डोळ्याने बघा."

"मातीसारखा."

त्यांनी झाकण टेबलावर ठेवलं. ते लाल होतं. बाजूला बसलेल्या वैशालीचा श्वास मला ऐकू आला.

डॉक्टर म्हणाल्या, "टीबीच्या औषधांत एक असं आहे की काही जणांच्या डोळ्यांच्या नसेला त्याचा त्रास होतो. तेवढं आजपासून बंद. बाकीची चालूच राहतील. तुमच्या टीबीच्या डॉक्टरांशी मी आत्ताच बोलते." त्यांनी आमच्यासमोरच फोन लावला.

"नजर परत येईल ना?" वैशालीने विचारलं.

"बहुतेकांची येते. हळूहळू येते, काही महिने जातात. कधीकधी थोडं मागे राहतं."

मला फक्त शेवटचं वाक्य ऐकू आलं.

इथे एक सांगतो. औषधं सुरू झाली तेव्हा टीबीच्या सेंटरवर मला बजावलं होतं, नजरेत फरक वाटला तर लगेच कळवा. पण त्या दिवशी इतकं काही सांगितलं गेलं होतं की हे कानावरून गेलं. तुमच्या घरात कुणाला ही औषधं चालू असतील तर स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करू नका. पण लाल रंग जरा जरी मळका वाटला, तर त्याच दिवशी जाऊन सांगा. चष्म्याच्या दुकानात वेळ घालवू नका.

बाहेर बाकावर बसलो. वैशालीने माझा हात धरला. चारचौघांत ती असं कधी करत नाही.

मी म्हणालो, "तुझ्या साडीचा रंग कळत नाहीये मला."

"कुर्ता आहे," ती म्हणाली.

आम्ही दोघंही हसलो. मग ती रडायला लागली, आणि मी तिच्या तोंडाकडे बघितलं तर तोंडच दिसेना.

भिंतीच्या अलीकडे, पलीकडे

ते दिसणं कसं होतं हे लोक विचारतात. काळोख नव्हता. आंघोळ झाल्यावर आरशावर वाफ धरते ना, तशी वाफ, पण नेमकी मधोमध. ज्याच्याकडे बघावं त्याचं तोंड गायब. कान दिसायचे, केस दिसायचे, तोंडावर कुणीतरी ओलं फडकं फिरवलेलं. डोळे थोडे बाजूला नेले की ओठांची हालचाल कळायची. त्यामुळे मी लोकांशी बोलताना त्यांच्या खांद्याकडे बघायला लागलो आणि लोकांना वाटायला लागलं की हा आपल्यावर रागावलाय.

आम्ही मुलुंडला राहतो, एक खोली आणि स्वयंपाकघर. वैशाली सांताक्रूझला विमानतळाजवळ एका कार्गोच्या ऑफिसात शिफ्टमध्ये काम करते. माझ्या टीबीच्या दिवसांतच तिच्या सगळ्या रजा संपल्या होत्या. मुलगी कोल्हापूरला नर्सिंग करते, ती येते म्हणाली, पण तिची परीक्षा होती, आम्ही नको म्हटलं. मग कुडाळजवळच्या गावावरून माझ्या सासूबाई आल्या. बरोबर तांदूळ, आमसुलं आणि सुकट.

आता आमच्याकडे जावई म्हणजे फार मोठा माणूस. सासूबाई माझ्यासमोर डोक्यावरून पदर घेणार, खाली मान घालून बोलणार, तेही वैशालीमार्फत. मी समोर बसलेला असताना तिला सांगणार, "जावयबापूंका विचार, आणखी भात वाढू काय?" वैशालीही आई समोर असली की मला "अहो" म्हणते आणि आई नसली की "अरे". लग्नापासून हे असंच चाललंय.

आता मधली वैशाली कामावर गेली, आणि घरात आम्ही दोघंच. मी बाहेरच्या खोलीत, त्या आत. दिवसभराचं बोलणं असं:

"जेवतात?"

"हो."

"पुरे?"

"पुरे."

त्या पाण्याचा पेला आवाज न करता माझ्याशेजारी ठेवायच्या. मला तो दिसायचा नाही, हात लागून सांडायचा. त्या फडकं आणून पुसायच्या, एक शब्द न बोलता. त्यांनी एकदा तरी ओरडावं असं मला वाटायचं.

रेश्मा मॅडम

डोळ्यांच्या इस्पितळात वरच्या मजल्यावर एक छोटी खोली होती. कमी दिसणाऱ्यांना तिथे रोजचं काम कसं करायचं ते शिकवत. डॉक्टरीणबाईंनी तिकडे पाठवलं तेव्हा मी वैशालीला म्हणालो, "मी काय आंधळा आहे का?" तरी गेलो.

टेबलामागे बसलेल्या रेश्मा मॅडमना जन्मापासून दिसत नाही. मी खुर्ची ओढून बसायच्या आधीच त्या म्हणाल्या, "तुम्हाला वाटतंय, हे आपलं काम नाही. हो ना? सगळ्यांना वाटतं. फोन द्या इकडे."

त्यांनी माझ्या फोनमध्ये बोलणारी सोय चालू केली. एकदा बोट टेकवलं की बोटाखाली काय आहे ते फोनमधली बाई बोलून सांगते. दोनदा टेकवलं की ते उघडतं. त्यांचा स्वतःचा फोन इतक्या वेगाने बोलत होता की मला तो मराठी आहे हेसुद्धा कळलं नाही.

"हे तुम्हाला समजतं?"

"तुम्हालापण समजेल. नाही समजलं तर आनंद आहे, म्हणजे तोपर्यंत डोळे परत आले."

मग त्यांनी छापील मजकूर वाचून दाखवणारं एक ॲप घातलं, एक रंग आणि समोरची वस्तू सांगणारं, एक गोळीची आठवण करणारं. शेवटचं वेगळंच होतं. बटण दाबलं की कुठल्या तरी गावातल्या अनोळखी माणसाला व्हिडिओ कॉल लागतो, आणि तो आपल्या कॅमेऱ्यातून बघून सांगतो. ही माणसं हे फुकट करतात, मदत म्हणून.

"अनोळखी माणसाला घर दाखवायचं?" मी म्हणालो.

"घर कशाला? जे बघायचंय तेवढंच दाखवा," त्या म्हणाल्या. "चष्मा लावताना लाज वाटली होती का? मग?"

खोटं कशाला बोलू, पहिले काही दिवस मी त्या फोनवर वैतागलो होतो. मेसेज उघडायला जावं आणि शेठना फोन लागावा. शेठ म्हणजे आमच्या दुकानाचे मालक, भला माणूस. सारखे फोन गेल्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, "संतोष, तुला मी पाहिजे का रे दुसरं कोण?" एकदा मी फोन गादीवर फेकला. गादीवरून ती बाई म्हणाली, "स्क्रीन बंद." तिला कशाचंच काही वाटायचं नाही.

"घरात कोण बाई इली हा?"

वैशाली कामावर गेली होती. मी पलंगावर बसून आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवरचे मेसेज ऐकत होतो. फोनमधली बाई चित्रंसुद्धा वाचून दाखवते: "शुभ सकाळ. हात जोडलेले. हात जोडलेले. हात जोडलेले. गुलाबाचं फूल. हात जोडलेले."

स्वयंपाकघरात विळीचा आवाज थांबला. सासूबाई दारात आल्या. "घरात कोण बाई इली हा?"

"कोणी नाही, आई. फोन बोलतोय."

"आणि हात कोण जोडता?"

"माझा चुलत भाऊ."

त्या थोडा वेळ ऐकत राहिल्या. बाई हात जोडतच होती. "सकाळपासून?" त्यांनी विचारलं आणि आत गेल्या. पण विळी आता दाराजवळ आली होती. त्यांना ऐकायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी रंग सांगणारं ॲप लावून बघत होतो. चादर, उशी, कॅलेंडर, भिंत. बाई सांगत होती, "राखाडी. तपकिरी. फिकट राखाडी." रंगाच्या दुकानात आयुष्य काढलेल्या माणसाला हे ऐकून काय होत असेल ते तुम्ही समजून घ्या. आमच्याकडे पांढऱ्यातच इतके प्रकार आहेत की गिऱ्हाईक घाबरतं. तेवढ्यात सासूबाई चहा घेऊन आल्या. कॅमेरा त्यांच्याकडे होता.

"राखाडी," बाई म्हणाली.

"काय राखाडी?" सासूबाईंनी विचारलं.

"तुमची साडी म्हणतेय ती."

"ही साडी राखाडी?" त्यांचा आवाज इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "अंजिरी असा ही! डोळे फुटले काय तिचे?"

मग आपण काय बोललो आणि कुणासमोर, हे त्यांच्या ध्यानात आलं. मला त्यांचं तोंड दिसत नव्हतं, पण दिसलंच असतं तर काय दिसलं असतं ते कळत होतं.

मला हसू फुटलं. आजारपणात पहिल्यांदा पोटातून हसू आलं. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता परत हसू. "फुटलेत, आई," मी म्हणालो, "तिचेपण फुटलेत." मग त्याही हसल्या, तोंडावर पदर धरून, अंग हलवत. चहा सांडला तो सांडलाच.

त्या दिवशी त्या आत गेल्या नाहीत. पलंगासमोर खाली बसल्या.

"अंजिरी म्हणजे कसा, आई?" मी विचारलं.

त्यांनी विचार केला. "रातांबो पिकान खाली पडता मा? मगे दोन दिवसांनी जसो दिसता, तसो."

मला तो रंग दिसला. म्हणजे डोळ्यांना नाही, पण कोकमाचं फळ मला माहीत होतं, पडलेलं, सुरकुतलेलं. माझ्या डोक्यात बरोबर तो डबा उघडला.

मग तो आमचा उद्योगच झाला. मी फोन धरायचा, बाईने काहीतरी सांगायचं, आणि सासूबाईंनी तिला खोटं पाडायचं. "ह्यो हिरवो म्हणता ती. हिरवो खयचो? कोवळ्या पानाचो काय जून पानाचो, ता सांग म्हणा तिका." एकदा मी विचारलं, आज आकाश कसं आहे. त्यांनी खिडकीतून मान बाहेर काढली. "तुमच्या मुंबयचा आकाश? भांडी धुतलेल्या पाण्यासारखा."

त्या चुकायच्या नाहीत असं नाही. एका पिशवीवरून मायलेकींचं जुंपलं. आई म्हणे मोरपिशी, वैशाली म्हणे निळी, फोन म्हणे राखाडी. आणि रंगांच्या बाबतीत घरात ज्याच्या शब्दाला खरी किंमत, तो मी, गप्प बसलेला.

डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं म्हणून संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर मच्छी बाजारात जायला लागलो. एकदा मी गंमत म्हणून फोन टोपलीवर धरला. बाई म्हणाली, "पांढरी थाळी, बहुधा." मासेवाली उखडली. "अरे बाबा, थाळी कसली, पापलेट आहे ते! त्या फोनला वास नाय येत काय?" सासूबाई त्या बाजारात दोन मिनिटं नुसत्या हसत उभ्या होत्या. मग त्यांनी घासाघीस सुरू केली आणि मी फोन खिशात ठेवला. तिथे त्याचं काही काम नव्हतं.

तिघांनाही कळेना

हसण्याचेच दिवस होते असं नाही. माझ्या गोळ्या वैशाली सकाळी निघण्याआधी हातावर ठेवायची. एक दिवस तिची शिफ्ट अचानक लवकरची लागली आणि ती घाईत गेली. थोड्या वेळाने आठवण करणारं ॲप वाजलं. त्यात वैशालीचाच आवाज भरून ठेवला होता. भरताना आई समोर होती म्हणून "अहो, गोळी घ्या."

मी डबा काढला. आपलं आपण एवढं तरी करावं असं वाटत होतं. पाकीट हाताला रोजच्यासारखंच लागलं. तरी वाचणारं ॲप लावलं. चांदीचा कागद चमकत होता. बाई दोनचार अक्षरं वाचायची आणि म्हणायची, "मजकूर स्पष्ट नाही." मी उजेडात गेलो, सावलीत गेलो. "मजकूर स्पष्ट नाही." वैशालीला फोन लावला, तो लागला नाही. कामाच्या जागी त्यांना फोन बाहेर ठेवावा लागतो.

"जाऊ दे," मी म्हणालो. "रोजचीच आहे." आणि गोळी काढायला अंगठा टेकवला.

"थांबा," सासूबाई म्हणाल्या. "काय म्हणता ती?"

"तिला वाचता येत नाहीये."

"मगे घेव नकात."

"आई, रोजचीच गोळी आहे."

"तिका वाचूक येणा नाय. तुमका दिसणा नाय. माका इंग्रजी तर सोडाच, मराठी पण येणा नाय. तिघांका कळणा नाय ता पोटात कित्याक घालतात?"

त्यांना वाचता येत नाही हे मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत कधी विषयच निघाला नव्हता. त्या ते बोलल्या आणि पुढे गेल्या, मीच अडकून राहिलो.

"दुसरो कोण नाय तुमच्या फोनात?" त्यांनी विचारलं.

होता. मी ते ॲप कधी उघडलंच नव्हतं. खोलीत दोरीवर कपडे, कोपऱ्यात औषधांचा पसारा, मी गंजीफ्रॉकवर. पण त्या समोर उभ्याच राहिल्या. मी बटण दोनदा दाबलं. थोडा वेळ रिंग वाजली आणि एक पुरुषाचा आवाज आला. "नमस्कार, बोला. काय बघायचंय?" मराठी, माझ्याच वयाचा वाटत होता. मागे कुकरची शिट्टी झाली.

"हे गोळ्यांचं पाकीट आहे. वाचून सांगाल का?"

"उलटं करा, दादा. थोडं लांब धरा. चकाकतंय. हां, आता तिरकं. हलू नका." मग तो एकेक अक्षर लावत वाचायला लागला. पहिलं नाव. दुसरं नाव. ती दोन्ही रोजचीच होती. मग म्हणाला, "अजून एक आहे खाली," आणि त्याने तिसरं नाव वाचलं.

बंद केलेलं औषध, त्याच गोळीत मिसळलेलं. जुन्या पाकिटांतलं एक डब्यात राहून गेलं होतं. एक गोळी पोटात गेली असती तर काय झालं असतं मला माहीत नाही. पण उद्याही मी त्याच पाकिटातली घेतली असती, आणि परवाही.

"दादा? आहात ना?"

मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मग ते पाकीट आधी बाजूला करा. घाई नाही मला. दुसरी दाखवा."

सासूबाई पुढे झाल्या. त्यांनी डबा उचलला आणि एकेक पाकीट कॅमेऱ्यासमोर धरलं. त्याने सगळी वाचली. बरोबर कुठलं ते सापडलं. चुकीचं पाकीट त्यांनी पदराच्या टोकाला बांधलं आणि गाठ मारली. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः सेंटरवर जाऊन ते देऊन आल्या. तोपर्यंत गाठ सोडली नाही.

तो माणूस म्हणाला, "काळजी घ्या, दादा. होईल बरं." आणि फोन बंद झाला. त्याचं नाव, गाव, काही कळलं नाही. परत त्याच माणसाला गाठायची सोय त्या ॲपमध्ये नाही.

"तेका चाय विचारूची ऱ्हवली," सासूबाई म्हणाल्या.

अहो आणि अरे

वैशाली घरी आली आणि मी सांगितलं. ती पर्स खांद्यावर तशीच ठेवून उभी राहिली. "मी सगळी परत दिली होती," ती म्हणाली. "सगळी दिली होती मी." मग ती रडतच बोलायला लागली. "मी काय काय बघू रे? ऑफिस बघू, तुझ्या गोळ्या बघू, तुझे डोळे बघू? आणि तू कुठल्या कोण माणसाला घर उघडून दाखवतोस? माझ्यासाठी ऑफिसात निरोप ठेवता आला नाही तुला?"

मला राग आला. "तुझा फोन लागला नाही म्हणूनच ना!" मी म्हणालो, आणि मोठ्याने म्हणालो. आजारी माणसाचा आवाज घरात सगळ्यात मोठा असतो, कारण त्याला कुणी उलटून बोलत नाही. पण वैशाली बोलली. म्हणाली, "तुला वाटतं तुझेच डोळे गेलेत? मला गेले कित्येक दिवस झोप नाही. तू झोपलास की मी तुझ्या पापण्या बघत बसते."

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात होत्या.

"वैशू, बस. आदी जेव," त्या म्हणाल्या. "गोळी पोटात गेली नाय, ता बघ. आणि ह्या अहो-अरेचा माका पयल्यापासून ठाऊक असा. माजे कान बरे असत."

वैशाली रडता रडता थांबली. "काय ठाऊक आहे?"

"लग्नाच्या दुसऱ्या म्हयन्यात मी इल्लंय तेव्हा. आत भांडत होतात दोगा. अरे काय, तुरे काय." आणि पानं घ्यायला आत गेल्या.

जेवून झाल्यावर वैशालीने त्या ॲपमध्ये नवा आवाज भरला. "अरे, गोळी घे." बरोबर पाकिटाला रेश्मा मॅडमनी सांगितल्याप्रमाणे रबर बँड गुंडाळला. तेवढं आधीच करायला हवं होतं. तुम्ही करून ठेवा.

सोलकढी

नजर परत येते ती दाराची घंटा वाजवून येत नाही. मला वाटलं होतं एके सकाळी उठेन आणि सगळं लख्ख. तसं झालं नाही. आधी वाफ जरा पातळ झाली. वैशालीच्या तोंडावर नाक आलं. मग एका दुपारी मी जेवायला बसलो होतो आणि वाटीकडे बघून म्हणालो, "आई, आज सोलकढी गुलाबी दिसतेय."

त्या आत गेल्या. बराच वेळ नळ चालू होता. मग परत आल्या आणि वाटी पुन्हा काठोकाठ भरली. मला आणखी नको होती, पण मी प्यायलो.

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी ठिपक्यांची पुस्तिका दाखवली. रंगीत ठिपक्यांत आकडे लपवलेले असतात. आधी मला त्यात नुसते ठिपके दिसले होते. आता बरेच आकडे सापडले. डावा डोळा लालाच्या बाबतीत अजून थोडा मागे आहे. तो तेवढाच राहील कदाचित. टीबीचा कोर्सही पूर्ण झाला.

मी दुकानात परत जातो. शेठ म्हणाले, "तू फक्त ये, बाकी बघू." पांढरे, पिवळे, निळे मी जुळवतो. मरून किंवा चॉकलेटी असला की दुसऱ्याला दाखवून घेतो, आणि गिऱ्हाईकासमोरच दाखवून घेतो. फोनमधल्या बाईला मी काढून टाकलेलं नाही. डोळे दमले की लांबलचक मेसेज तीच वाचते. वेग मात्र मी थोडा वाढवलाय, रेश्मा मॅडमना सांगायला पाहिजे.

सासूबाई शेताची कामं सुरू व्हायच्या आधी गावी गेल्या. जाताना वैशालीने त्यांना फोन घेऊन दिला. त्यांचे डोळे चांगले आहेत, तरी त्यांनी स्वतःहून मागितलं, "त्या बायेक माझ्या फोनात पण घाल." आता त्या बोट फिरवतात, बाई नावं सांगते, वैशालीचं नाव आलं की त्या दोनदा दाबतात. कुणाला विचारावं लागत नाही. रोज आम्हाला त्यांचा आवाज येतो, मागे कोंबड्या असतात.

मागच्या आठवड्यात पहिल्यांदा त्यांचा फोटो आला, आणि लगेच फोन.

"फोटो धाडलंय. बगितलात?"

"बघतोय, आई. काय आहे?"

"काय म्हणजे? फणस! परसातल्या नव्या झाडाक पयलो फणस धरलो."

मी फोन डोळ्यांजवळ नेला. फोटोभर त्यांचा अंगठा होता. मागे कुठेतरी थोडं हिरवं.

"आई, मला तुमचा अंगठाच दिसतोय," मी म्हणालो. "नखाला हळद लागलीय."

पलीकडे त्यांनी कोंबड्यांना हाकललं.

"नखाची हळद दिसली?"

"दिसली. पिवळीधमक."

"मगे झाला तर," त्या म्हणाल्या. "फणस काय, पुढच्या वर्षी पण धरतलो."